भाव सांगावा, की बोली लागू द्यावी?

८ जून २०२१ रोजी न्यूयॉर्कच्या सदबीज लिलावगृहात एकाच मालकाच्या तीन वस्तू विक्रीला होत्या. मालक होते पादत्राणांचे नामवंत डिझायनर स्टुअर्ट वाइट्झमन. पहिली वस्तू अमेरिकेचं १९३३ सालचं ‘डबल ईगल’ हे सोन्याचं नाणं. दुसरी ब्रिटिश गयानाचं १८५६ सालचं एक सेंटचं किरमिजी तिकीट, जगात एकच उरलेलं. तिसरी १९१८ सालच्या अमेरिकी तिकिटांचा चारचा ब्लॉक, ज्यावर विमान उलटं छापलं गेलं होतं. नाण्याचा आणि किरमिजी तिकिटाचा अंदाज लिलावगृहाने सारखाच बांधला होता, एक ते दीड कोटी डॉलर. ब्लॉकचा पन्नास ते सत्तर लाख.

नाणं सुमारे १ कोटी ८९ लाख डॉलरला गेलं. किरमिजी तिकीट ८३ लाखांवर थांबलं; वाइट्झमन यांनी ते २०१४ मध्ये सुमारे ९५ लाखांना घेतलं होतं. ब्लॉकला ४९ लाखांच्या आसपास मिळाले. सभागृह तेच, मालक तोच, अंदाज बांधणारे जाणकारही त्याच घरचे. तरी एका वस्तूने अंदाज कुठच्या कुठे मागे टाकला आणि दोन त्याच्या खाली राहिल्या.

दादरच्या एका घरात याच निकालावरून मामा-भाचीचा वाद जुंपला. मामा बँकेतून निवृत्त झालेले, आयुष्यभर तिकिटं जमवलेले. भाची कॉलेजात अर्थशास्त्र शिकवते. वादाला निमित्त होतं मामांच्या संग्रहातला सर्वांत मोलाचा तुकडा, गांधीजींच्या १० रुपयांच्या चार तिकिटांचा एकसंध ब्लॉक. तो विकायचा हे ठरलं होतं. कसा विकायचा, यावर दोघांची तोंडं दोन दिशांना.

“मी एक आकडा लिहिणार,” मामा म्हणाले. “ज्याला परवडेल त्याने घ्यावा. वर नाही, खाली नाही.”

“आणि वाइट्झमननी तसंच केलं असतं तर?” भाचीने विचारलं. “नाण्यावर दीड कोटी लिहिले असते, तर वरचे लाखो डॉलर हातचे गेले असते. तिकिटावर एक कोटी लिहिले असते, तर ते अजून त्यांच्याच तिजोरीत असतं.”

“तिजोरीत राहिलं असतं, पण तोटा तरी झाला नसता.”

“विकायचं असेल तर न विकलं जाणं हाही तोटाच आहे, मामा.”

मामांचा ब्लॉक नेमका काय आहे, हे आधी सांगायला हवं. १५ ऑगस्ट १९४८ रोजी, स्वातंत्र्याला वर्ष पूर्ण झालं त्या दिवशी, भारतीय टपाल खात्याने गांधीजींची चार तिकिटं काढली: दीड आणा, साडेतीन आणे, बारा आणे आणि दहा रुपये. ती स्वित्झर्लंडमध्ये कूर्व्हाझिए यांच्या छापखान्यात फोटोग्राव्ह्युर पद्धतीने छापली होती, आणि त्यांवर ‘बापू’ हा शब्द देवनागरीत आणि उर्दूतही होता. त्या काळी दहा रुपये ही लहान रक्कम नव्हती. दीड आण्याचं तिकीट घेणारे घरोघरी होते. दहाचं तिकीट, तेही चारच्या ब्लॉकमध्ये, कोरं घेऊन जपून ठेवणारे मोजकेच.

ब्लॉक हाताळताना मामा बोटं लावत नाहीत. चपट्या टोकाच्या चिमट्याने तो उचलतात आणि पाठ वर करून दिव्याखाली तिरपा धरतात. गोंदाचा थर सलग चमकतो का, हे आधी पाहायचं. जुन्या अल्बममध्ये तिकिटं कागदाच्या इवल्या पट्टीने चिकटवत. संग्राहक तिला हिंज म्हणतात. ती कधी लागली असेल तर तिरप्या उजेडात चौकोनी ओरखडा दिसतो आणि किंमत उतरते. मग भिंग लावून कडेचे दाते पाहायचे. जुना गोंद धुऊन नवा लावला असेल तर तो दात्यांच्या टोकांपर्यंत उतरतो आणि ते ताठ, खरखरीत होतात. अस्सल गोंदावर दाते फाडल्या कागदासारखे मऊ असतात. मुंबईच्या पावसाळ्यात गोंद दमट होऊन कागदाला धरतो, तांबूस ठिपके पडतात. मामांच्या ब्लॉकवर एकही ठिपका नाही. दर जूनमध्ये सिलिका जेलच्या पुड्या बदलण्याचं ते फळ.

“एवढं जपलेलं मी कुणाच्या घासाघिशीवर का सोडू?” मामांचा मुद्दा सरळ होता. “गांधींच्याच तिकिटाचं उदाहरण घे. गव्हर्नर जनरलच्या कार्यालयासाठी याच दहा रुपयांच्या शंभर तिकिटांवर ‘सर्व्हिस’ हा शब्द छापला होता. स्टॅन्ली गिबन्स या तिकीटविक्रेत्या कंपनीने २०१६ मध्ये त्यातलं एक तिकीट १ लाख ६० हजार पौंडांना विकलं, आणि २०१७ मध्ये चारची पट्टी ५ लाख पौंडांना, ऑस्ट्रेलियातल्या एका संग्राहकाला. दोन्ही व्यवहार खासगी. ना सभागृह, ना हातोडा.”

“पण हिशेब पाहा,” भाचीने कागद ओढला. “एकट्या तिकिटाला १ लाख ६० हजार. पट्टीतल्या प्रत्येकाला सव्वा लाख. जोडलेली पट्टी तर जास्त दुर्मीळ, तरी दर तिकिटामागे कमी. आधीचा भाव पुढच्या सौद्याला जसाच्या तसा लागू पडत नाही, याचा पुरावा तुम्हीच दिलात.”

“लागू पडत नाही, पण दिशा दाखवतो. एवढं मोठं बिल फेडणारे जगात किती? चार एकदम घेणारा त्याहून विरळा. माझा आकडा लिहिताना मी हेही धरणार.”

दुर्मीळ वस्तू विकायला निघालेल्या कुटुंबांची फसगत बहुधा याच टप्प्यावर होते. २०१७ मध्ये बातमी आली: गांधींचं तिकीट चार कोटींना. ज्यांच्या घरी आजोबांचा अल्बम होता, त्यांनी दहा रुपयांचं तिकीट शोधून काढलं आणि भाव लाखांत सांगायला लागले. बातमीतल्या तिकिटावर ‘सर्व्हिस’ होतं आणि त्या वेळी खासगी हातांत ती तेराच असल्याचं सांगितलं गेलं होतं. घरातल्या तिकिटावर ते नव्हतं. त्या एका शब्दाने किंमत बदलते, म्हणूनच साध्या तिकिटावर तो नकली छापून खपवण्याचे उद्योगही होतात. आपल्याकडे नेमकं काय आहे, ते कळण्याआधी लिहिलेला ठाम भाव केवळ अपेक्षा असते. तिला चिकटून राहिल्याने गिऱ्हाईक येत नाही.

नाण्यांच्या बाबतीत प्रकार आणखी वाईट. जुन्या पाच-दहा रुपयांच्या नाण्यांना लाखो रुपये मिळतात, अशा जाहिराती फिरत राहिल्या. काहींनी तर रिझर्व्ह बँकेचं नाव वापरून लोकांकडून आधीच ‘शुल्क’ आणि ‘कमिशन’ उकळायला सुरुवात केली. ऑगस्ट २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेला जाहीर करावं लागलं की असल्या व्यवहारांशी आपला संबंध नाही आणि आपण कुणालाही असं शुल्क घ्यायला नेमलेलं नाही. सांगितलेला भाव आणि मिळालेला भाव यांतलं अंतर ज्याला माहीत नाही, त्याला लुटणं सोपं असतं.

भाचीने मग ब्रिस्टलची गोष्ट काढली. “२०२० च्या उन्हाळ्यात तिथल्या एका छोट्या लिलावगृहाच्या पत्रपेटीत कुणी तरी एक पाकीट टाकून गेलं. आत सोनेरी काड्यांचा चष्मा आणि गांधीजींचा असल्याची चिठ्ठी. मालक म्हणाला, उपयोगाचा नसेल तर टाकून द्या. लिलावगृहाने अंदाज बांधला पंधरा हजार पौंडांचा. विकला गेला २ लाख ६० हजारांना. त्या गृहस्थाने दहा हजार पौंड असा ठाम भाव लावला असता, तर घेणाऱ्याने एका मिनिटात पैसे मोजले असते.”

“बरोबर.”

“२००९ मध्ये न्यूयॉर्कलाही तेच. गांधीजींचा चष्मा, चपला, खिशातलं घड्याळ, वाटी आणि ताट. अंदाज वीस ते तीस हजार डॉलरचा. विजय मल्ल्यांनी घेतलं ते अठरा लाख डॉलरला.”

“तेही बरोबर,” मामा म्हणाले. “पण यातून निष्कर्ष कोणता काढायचा? गांधीजींचे चष्मे वर्षाला चार विकले जात नाहीत. मागच्या विक्रीचे पुरेसे दाखले नव्हते, म्हणून अंदाज चुकला. जिथे दाखला नाही तिथे लिलाव, हे मला मान्य आहे. माझ्या ब्लॉकसारखे ब्लॉक मात्र अधूनमधून बाजारात येतात. त्यांच्या विक्रीचे आकडे माझ्या वहीत आहेत.”

या वादाचा कणा हाच आहे, आणि त्यात मामांची बाजू भक्कम आहे. सोन्या-चांदीचा भाव सगळ्यांना ठाऊक असतो, एकमेव वस्तूचा कुणालाच नसतो. दोहोंच्या मधल्या पट्ट्यात, म्हणजे दुर्मीळ असूनही पुन्हा पुन्हा विकल्या जाणाऱ्या वस्तूंमध्ये, अभ्यास करून लिहिलेला ठाम भाव टिकतो. दाखला नसताना मात्र तो फसतो. ब्रिटिश गयानाचं किरमिजी तिकीट १८७३ मध्ये बारा वर्षांच्या व्हर्नन व्हॉन या मुलाला घरातल्या जुन्या पत्रांत सापडलं. त्याने ते सहा शिलिंगांना विकलं. त्याच्यापुढे दाखला नव्हता आणि विचारायला दुसरं गिऱ्हाईकही नव्हतं. १९२२ मध्ये पॅरिसच्या लिलावात तेच तिकीट पस्तीस हजार डॉलरच्या पुढे गेलं.

भाचीने आता रोख वस्तूवरून विकणाऱ्यावर वळवला. “मामा, तुमचा आकडा तुमच्या वहीतून येतोय, की पन्नास वर्षांच्या जिव्हाळ्यातून? डॅनियल काहनेमन, जॅक नेच आणि रिचर्ड थेलर यांनी १९९० मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. वर्गातल्या काही विद्यार्थ्यांना एकेक मग दिला आणि विचारलं, कितीला विकाल? दुसऱ्या काहींना विचारलं, कितीला घ्याल? विकणारे साधारण सात डॉलर म्हणाले, घेणारे तीनच्या आसपास. मग हातात येऊन काही मिनिटंच झाली होती. तुमच्याकडे हा ब्लॉक किती पावसाळे आहे?”

मामा थोडा वेळ गप्प राहिले. “मग मी माझ्या मनाचा आकडा घेतच नाही,” ते म्हणाले. त्यांची रीत त्यांनी सांगितली ती अशी. तशाच स्थितीतल्या, गोंद शाबूत असलेल्या ब्लॉकच्या प्रत्यक्ष झालेल्या विक्रीच जमेला धरायच्या. कॅटलॉगमधला भाव, दुकानाच्या काचेतला भाव, इंटरनेटवर महिनोन्‌महिने पडून असलेल्या मालाचा भाव मोजायचा नाही. सर्वांत वरची आणि सर्वांत खालची विक्री बाजूला काढायची. एकीत दोन हट्टी गिऱ्हाइकांची चुरस असते, दुसरीत विकणाऱ्याची अडचण. राहिलेल्यांची सरासरी काढायची.

“त्यावर किती चढवणार?”

“दहा टक्के. माझा ब्लॉक त्या सगळ्यांपेक्षा स्वच्छ आहे.”

“दहाच? मला वाटलं पन्नास म्हणाल.”

“पन्नास म्हटलं तर तो ठाम भाव राहत नाही, सुरुवातीचा भाव होतो. समोरच्याला कळतं की हा उतरणार. मग तोही खालून सुरू करतो.”

भाचीने या सरासरीत एक दुरुस्ती सुचवली, आणि ती पैशाच्या दृष्टीने सर्वांत मोठी होती. बातमीत छापून येतो तो आकडा विकणाऱ्याच्या खिशात जात नाही. हाच डबल ईगल २००२ मध्ये न्यूयॉर्कला विकला गेला, तेव्हा हातोडा पडला ६६ लाख डॉलरवर. त्यावर घेणाऱ्याने पंधरा टक्के प्रीमियम, म्हणजे ९ लाख ९० हजार, लिलावगृहाला दिले. वर आणखी २० डॉलर. अमेरिकी सरकारने १९३३ ची ही नाणी चलनात आणलीच नव्हती. जवळपास सगळी वितळवली होती. म्हणून या एका नाण्याला कायदेशीर चलन करण्यासाठी त्याची दर्शनी किंमत सरकारी खात्यात भरावी लागली. एकूण ७५ लाख ९० हजार २० डॉलर. जगाच्या लक्षात राहिला तो हा शेवटचा आकडा. बोली मात्र ६६ लाखांची होती.

“म्हणजे लिलावांच्या आकड्यांतून घेणाऱ्याचं प्रीमियम आणि विकणाऱ्याकडून कापलेलं कमिशन, दोन्ही वजा करून वहीत लिहा,” भाची म्हणाली. “नाहीतर तुमची सरासरी फुगलेली असणार.”

मामांनी वही पुढे ओढली. काही आकड्यांपुढे प्रीमियमची नोंद होती, काहींपुढे नव्हती.

“आणि हेच तुमच्या बाजूनेही बोलतं,” ती पुढे म्हणाली. “ओळखीच्या संग्राहकाला थेट विकलंत तर हे दोन्ही वाचतात. घेणाराही खूश, तुम्हीही. पण मग गिऱ्हाईक एकच, आणि माझी खरी अडचण तिथेच आहे. जेरेमी ब्यूलो आणि पॉल क्लेम्परर या अर्थशास्त्रज्ञांनी १९९६ मध्ये गणित मांडून दाखवलं, की काही ठरावीक गृहीतकांवर, विकणारा कितीही चतुराईने वाटाघाटी करो, त्यापेक्षा फक्त एक जादा बोलीदार असलेला साधा लिलाव त्याला सरासरी जास्त मिळवून देतो. तुम्ही भाव ठरवण्यात जेवढी मेहनत घेताय, तेवढी आणखी एक गिऱ्हाईक शोधण्यात घ्या.”

“ते गिऱ्हाईक कुठल्या देशातलं, हे तुझं गणित विचारतं का?” मामांनी उलट प्रश्न केला. “माझा ब्लॉक १९४८ चा आहे, म्हणून ठीक. पण शिवाजी महाराजांचा सोन्याचा होन कुणाकडे असला तर? पुरावशेष आणि कलानिधी कायदा १९७२ चा. शंभर वर्षांहून जुनी नाणी त्यात येतात, आणि ती देशाबाहेर नेणं खासगी माणसाला मना आहे. तिथे लंडनचा बोलीदार येऊच शकत नाही. देशातले मोजके संग्राहक, ते एकमेकांना ओळखतात, कुणाला काय हवंय हेही ओळखतात. तशा दहा माणसांच्या बाजारात लिलाव पुकारला आणि दोघांनी आपसात ठरवून हात वर केला नाही, तर?”

हा धोका खरा आहे आणि तो जुना आहे. आपल्या बाजारांत व्यापारी आणि दलाल रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवत. त्या हत्ता पद्धतीत शेतकऱ्याला स्वतःच्याच मालाला लागलेली बोली दिसत नसे. बाजार समित्यांत उघड लिलावाचा आग्रह धरला गेला तो याचसाठी. तिकीटविक्रेत्यांनी बोलीची वेगळी वाट काढली होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत ते टपालाने बंद बोली मागवत, आणि काहींचा नियम असा की सर्वांत मोठी बोली जिंकेल, पण पैसे दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीच्या हिशेबाने घेतले जातील. घेणाऱ्याला आपली खरी मर्यादा लिहायला भीती नको, हा हेतू. विल्यम विक्री यांनी १९६१ मध्ये याच प्रकारच्या लिलावाचा सिद्धान्त मांडला आणि १९९६ मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

“बंद बोली चालेल,” भाची लगेच म्हणाली.

“चालेल, पण दुसऱ्या फेरीत. आधी ठाम भाव.” मामांनी आता ज्या मुद्द्यावर ते सर्वांत आग्रही होते तो काढला. “मी चाळीस वर्षं घेणाऱ्याच्या बाजूने उभा राहिलोय. ‘तुम्हीच सांगा, किती द्याल?’ म्हणणारा विक्रेता मला सर्वांत नकोसा. म्हणजे अभ्यास मी करायचा, आकडा मी उघडा करायचा, आणि त्याने तो घेऊन पुढच्याकडे जायचं. शाळेत असताना मी फोर्टात तिकिटं घ्यायला जायचो. एक दुकानदार पाकिटावर पेन्सिलीने भाव लिहून ठेवायचा. मला तोच, गाडीतून आलेल्या माणसालाही तोच. माझा पहिला चांगला संच मी त्याच्याकडे महिन्यामहिन्याने पैसे साठवून घेतला, कारण पुढच्या महिन्यातही भाव तोच असेल याची खात्री होती. घासाघिशीत पोरगा हरतो, पैसेवाला जिंकतो.”

भाचीकडे यावर उत्तर नव्हतं, आणि तिने ते शोधलंही नाही. भाव एकच ठेवण्यामागे केवळ विक्रेत्याचा मान नसतो; ज्याला बोलता येत नाही, ज्याची ओळख नाही, त्यालाही त्यात समान वागणूक मिळते. संग्रह उभे राहतात ते अशा विश्वासावर, आणि म्हणून या बाजूचं वजन नुसत्या रुपयांत मोजून चालत नाही.

तरी तिची एक शंका उरली होती. “ठाम भाव किती दिवस ठाम? लिलावात न विकल्या गेलेल्या चित्रांवर अ‍ॅलन बेग्ज आणि कॅथरिन ग्रॅडी यांचा अभ्यास आहे. एकदा राखीव किमतीपर्यंत, म्हणजे विकणाऱ्याने ठरवलेल्या किमान आकड्यापर्यंत, न पोचलेलं चित्र पुढे पुन्हा आलं, की इतरांच्या मानाने कमी मिळवतं. खासगी विक्रीतही हेच होणार. दोन वर्षं तोच ब्लॉक तोच भाव लावून फिरत राहिला, तर लोक विचारतील, यात खोट काय आहे?”

“सहा महिने,” मामा म्हणाले. “ओळखीतल्या पाच-सहा संग्राहकांना एकाच दिवशी पत्र, सोबत दोन्ही बाजूंचे फोटो आणि तज्ज्ञाचं प्रमाणपत्र. सगळ्यांना एकच आकडा. ज्याचा होकार आधी, त्याचा ब्लॉक.”

“मधेच कुणी दहा टक्के कमी देतो म्हणाला तर?”

“नाही.”

“आणि त्याने दाखवून दिलं की एका तिकिटाचा कोपरा दुमडलाय, तुमच्या नजरेतून सुटलाय?”

“तर भाव बदलेन, आणि तो बदल उरलेल्या सगळ्यांनाही कळवेन. नवी माहिती आली तर आकडा हलतो. कुणी नुसता रेटा लावला म्हणून हलत नाही.”

“सहा महिन्यांत कुणीच आलं नाही तर लिलाव?”

“लिलाव. राखीव किंमत लावून.”

“ती सरासरीच्या खाली ठेवावी लागेल, मामा. वरची ठेवलीत तर पहिली बोलीच लागणार नाही.”

“ते मी तेव्हा बघेन.”

“तेव्हा नाही.” भाचीने वही त्यांच्यापुढे सरकवली. “सहा महिने कुणी फिरकलं नाही म्हणून तुम्ही चिडलेले असाल, नाहीतर खचलेले. चिडलात तर आकडा वर लिहाल, खचलात तर खाली. वरचा भाव आज लिहिताय ना? मग खालचाही आजच लिहा, त्याच पानावर.”

मामांनी चष्मा पुसला, प्रीमियमची नोंद नसलेल्या आकड्यांपुढे एकेक फुली मारली आणि सरासरी पुन्हा पहिल्यापासून काढायला घेतली.